उरलेली चोच

कार्टूनमधल्या आया दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या आया पहिल्याच भागात मरतात, भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसतात आणि पोरं जगभर पराक्रम गाजवायला मोकळी होतात. दुसऱ्या प्रकारच्या जिवंत राहतात आणि पोरांना सुखाने जगू देत नाहीत. ताईच्या वाट्याला कायम या दुसऱ्या प्रकारातल्या यायच्या.

ताई डबिंग करायची. बाहेरून आलेली कार्टून्स आपल्या भाषेत बोलती करायची, हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. अस्वलाची आई, खारीची आई, डायनोसोरची आई, एकदा तर ट्रॅक्टरची आईसुद्धा तिने केली. ट्रॅक्टरला आई कशाला लागते असं तिने विचारलं नाही. लिहून आलं ते बोलली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, पण स्टुडिओत मिशा पिकलेले बाप्येसुद्धा तिला ‘मम्मी’ म्हणायचे. ‘मम्मी, कोमट पाणी देऊ का?’ आणि ‘मम्मी, घड्याळ काढा, टिकटिक माइकमध्ये येतेय,’ असं दिवसभर चालायचं.

तिची खरी ख्याती मात्र भरण्याबद्दल होती. त्याचं असं असतं, की मूळ भाषेतलं वाक्य लांबलचक असतं आणि आपल्या भाषेत ते चार शब्दांत आटपतं. आपलं बोलून होतं आणि पडद्यावरचं तोंड हलतच राहतं. धंद्यातले लोक म्हणतात, लिप उरला. उरलेल्या लिपवर काहीतरी बोलून तो भरावा लागतो, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं टीव्ही बिघडला. लेखक तिथे नसतो, दिग्दर्शकाला घाई असते, त्यामुळे जे काही सुचायचं ते माइकपुढे उभ्या असलेल्या माणसालाच सुचावं लागतं. यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती लिहिलेलं वाक्य संपवायची आणि श्वासही न घेता पुढचं असं जोडायची, की लेखकालाही ते आपणच लिहिलं असं वाटावं.

गेलं वर्षभर तिच्याकडे एक बदकीण होती. तळ्याकाठचं घर, पाच पिल्लं, आणि ही आई. मालिका बदकांची असल्यामुळे या स्टुडिओत लिप उरायचा नाही, चोच उरायची. बदकीण कधी ओरडायची नाही, कधी मारायची नाही. ती नुसतं बोलायची. ‘पोहायला जमत नसेल तर राहू दे हो, सगळ्यांनाच कुठे जमतं? मला आपली आशा होती, दुसरं काय.’ एवढ्यावर पिल्लू पाण्यात खाली मान घालून गरागरा फिरायचं आणि घरोघरची मुलं पोट धरून हसायची. बाविसाव्या मिनिटाला बदकीण पिल्लाला पंखाखाली घ्यायची, वाद्यं वाजायची, आणि सगळं माफ. बावीस मिनिटांत माफी! एवढ्या वेळात धड चहा होऊन कपात येत नाही.

ताईला ही बदकीण फार सोपी गेली. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला होता, की मम्मी, हिचा आवाज तुम्हाला शोधावा लागला नाही. ताई हसली होती. आवाज कशाला शोधायचा? तो रोज सकाळी उठून तिच्याच हातचा चहा पीत होता.

ताईची आई सत्तरीच्या पुढची होती. पांढरेशुभ्र केस, मऊ हात, आणि जिभेवर साखर. सगळी इमारत तिला देवमाणूस म्हणायची, आणि इमारतीची त्यात चूक नव्हती. बाहेरच्यांना ती साखरच वाढायची. साखरेखालची सुरी फक्त घरच्यांना ठाऊक. घरचे म्हणजे कोण, तर वडील फिरतीच्या नोकरीत असायचे आणि फिरता फिरताच गेले. उरल्या दोन मुली. थोरली ही ताई. तिच्याहून सहा वर्षांनी लहान ती धाकटी, जी नऊ वर्षांपूर्वी घराबाहेर पडली ती परत उंबऱ्यात आली नव्हती. ती याच शहरात राहायची, तासाभराच्या अंतरावर. तिला नवरा होता, आठ वर्षांची मुलगी होती. ताईने भाचीला फक्त फोनवरच्या फोटोंत पाहिलं होतं.

आता झालं ते असं.

दिवस संपत आला होता, त्या दिवसातला चौथा भाग चालू होता आणि ताईचा घसा बसायच्या बेतात होता. प्रसंग साधा होता. सगळ्यात धाकटं, वाकड्या पंखाचं पिल्लू पहिल्यांदा तळं पार करून येतं आणि म्हणतं, ‘आई, बघ ना माझ्याकडे, एकदा तरी बघ.’ बदकीण वळून न बघता म्हणते, ‘बघितलं हं, बघितलं.’ लेखकाने एवढंच लिहिलं होतं. चोच मात्र त्यानंतर चांगली चार सेकंद हलत होती.

लाल दिवा लागला. ताईने लिहिलेलं वाक्य म्हटलं, आणि चोच उरली तशी, न थांबता, त्याच मऊ आवाजात ती पुढे बोलून गेली: ‘तू झालीस तेव्हा दोन दिवस तुझं तोंड पाहिलं नव्हतं. अजून सवय झालेली नाही.’

काचेपलीकडून दिग्दर्शक बटण दाबून म्हणाला, की मम्मी, हे कुठून आणलंत, अंगावर काटा आला. रेकॉर्डिस्टने लावून ऐकवलं. अक्षर न् अक्षर चोचीवर चपखल बसलं होतं. शेवटच्या ‘नाही’बरोबर चोच मिटत होती. हेडफोनमध्ये ताईला तिच्या आईचा आवाज ऐकू आला. त्याच वेळी तिने म्हणायला हवं होतं, की हे पुसा, दुसरं भरते. पण बावीस वर्षांत इतका चोख लिप तिला क्वचितच मिळाला होता. कारागिराला आपल्या हातचा चोख तुकडा मोडवत नाही. ‘राहू दे,’ ती म्हणाली.

ते वाक्य तिचं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी, पंधरा वर्षांची धाकटी शाळेतून पळण्याच्या शर्यतीतलं तिसरं पदक घेऊन आली. आई खिडकीशी विणत बसली होती. धाकटी म्हणाली, आई, बघ ना माझ्याकडे. आईने सुयांवरची नजर न काढता हे वाक्य म्हटलं होतं. पलीकडच्या खोलीत ताई इस्त्री करत होती, मधलं दार अर्धं उघडं होतं. तिने ऐकलं, आणि हातातली इस्त्री तशीच राहून वडिलांच्या सदऱ्यावर तांबूस डाग पडला.

संध्याकाळी धाकटी रडत म्हणाली, की आई मला असं म्हणाली. आई चकित झाली. ती खरोखर चकित झाल्यासारखी दिसली, हेच तिचं कसब. ‘मी? असलं बोलेन मी? काहीतरी मनातून बनवते ही. विचार तुझ्या ताईला, ती इथेच होती.’ मग दोघीही ताईकडे बघू लागल्या. एकवीस वर्षांच्या ताईने आईच्या डोळ्यांत बघितलं आणि कानांवर हात ठेवले. ‘मला नाही बाई काही ऐकू आलं. तू उगाच मनाला लावून घेतेस.’ त्या संध्याकाळी आईने तिच्या केसांतून हात फिरवला, म्हणाली, तूच एक माझी समजूतदार. खोटं कशाला बोला, ताईला ते आवडलं होतं. समजूतदारपणाची ती थाप ती पुढे सव्वीस वर्षं खात राहिली.

धाकटीच्या कपाळी मात्र शिक्का बसला, की ही मनातून बनवते. घरात, नात्यात, पुढे पुढे तिच्या स्वतःच्याही मनात. घर सोडताना ती ताईला एकच म्हणाली होती, की मला आता खरंच कळत नाही, ते वाक्य ऐकलं होतं की मीच रचलं. तेव्हाही ताई मूग गिळून बसली.

तर तो भाग तीन महिन्यांनी, एका सोमवारी संध्याकाळी पाच वाजता लागला. ताईचा प्रत्येक भाग आई खुर्ची पुढे ओढून बघायची, आणि संपला की एक चूक काढायची. आज आवाज खाली गेला, आज दमलेली वाटलीस, आता वय झालं तुझंही. त्या सोमवारी ताईला आपण काय भरून ठेवलंय ते आधीपासून आठवत होतं, आणि चौदावं मिनिट आलं तेव्हा ती स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत होती. बाहेरून तिचाच आवाज आला: अजून सवय झालेली नाही. मग नुसती वाद्यं. भाग संपला. आईने चूक काढली नाही. टीव्ही बंद केला आणि चष्मा पुसला. आईने चूक काढली नाही याची भीती ताईला पहिल्यांदाच वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

‘ते वाक्य कुणी लिहिलं?’ ना ताई, ना कशी आहेस. मागून भाचीचा आवाज येत होता.

आईची नजर ताईच्या तोंडावर होती. ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘स्क्रिप्टमध्ये होतं,’ ती म्हणाली.

‘असं,’ धाकटी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

‘कोण होतं?’ आईने विचारलं.

‘राँग नंबर.’

एका मिनिटात दोन थापा, आणि दोन्ही चोख बसलेल्या. त्या रात्री दोघी जेवायला बसल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला आईच्या प्रत्येक हालचालीत काहीतरी दिसत होतं. आईने मिठाचं भांडं जरा जोरात ठेवलं का? आईला कळलं का? आईला ते वाक्य आठवत तरी असेल का? या तिसऱ्या प्रश्नाशी ताई थबकली. सव्वीस वर्षं दोन मुली ज्या वाक्याखाली चिरडल्या, ते बोलणारी बाई ते विसरूनही गेली असेल, ही शक्यता तिने कधी धरलीच नव्हती.

गुरुवारी स्टुडिओतून बोलावणं आलं. दोन-तीन पालकांनी चॅनेलला कळवलं होतं. एका घरात म्हणे थोरल्या मुलाने धाकट्या बहिणीला तेच वाक्य तोंडावर म्हटलं, आणि ती पोर जेवेना. चॅनेलने स्क्रिप्ट काढून बघितलं तर वाक्य त्यात नाही. रविवारी तो भाग पुन्हा लागायचा होता, त्याच्या आत चार सेकंद बदलून हवी होती. दिग्दर्शकाने कागद पुढे केला. नवं वाक्य होतं: ‘आता लवकर घरात ये, आणि आधी ते ओले पाय पुसून घे बघू.’ बदकाने पाय पुसायचे! रेकॉर्डिस्टसुद्धा हसला.

ताईने जरा ताणून धरून पाहिलं. तिने विचारलं, की मूळ भाषेत ती बदकीण काय म्हणते? दिग्दर्शकाने लावून ऐकवलं आणि अर्थ सांगितला. मूळ वाक्य बरंच वाईट होतं. पण ते तिकडचं, तो म्हणाला, आपल्याला आपलं बघायचं. आणि मनाला लावून घेऊ नका, मम्मी, कार्टूनच आहे.

मनाला लावून घेऊ नका. हे वाक्य ताईने स्वतः किती वेळा म्हटलं होतं! ती माइकपुढे उभी राहिली. लाल दिवा लागला, तळं आलं, पिल्लू आलं. आपण काय करतोय हे तिला लख्ख कळत होतं. एकदा ते वाक्य उच्चारलं गेलं होतं आणि तिने ते झालंच नाही असं ठरवलं होतं. आज ती तेच पुन्हा करत होती, फक्त या वेळी पुरावाही तिच्याच तोंडून पुसला जात होता. तरी तिने टेक दिला. तीन दिले. तिसरा ओके झाला. पाण्यात राहून माशाशी वैर करायची तिला सवय नव्हती, ना घरात, ना स्टुडिओत.

बाहेर पॅसेजमध्ये येऊन फोन उघडला तर धाकटीचा मेसेज होता. ‘रविवारी तो भाग परत लागतो ना? मुलीला नाही, मला बघायचाय.’

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. रविवारी धाकटी टीव्हीपुढे बसणार, चौदावं मिनिट येणार, आणि बदकीण पाय पुसायला सांगणार. मग धाकटीच्या डोक्याचं काय होईल, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. सोमवारी ऐकलेलंही आपणच रचलं, असं तिला वाटेल. ताईने फोन लावला.

‘ते वाक्य आता नाहीये,’ ती म्हणाली. ‘आज काढलं.’

‘कुणी काढलं?’

‘मी.’

पलीकडे धाकटी हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. ‘आणि स्क्रिप्टमध्ये होतं म्हणालीस ते?’

‘नव्हतं.’

‘मग कुठून आलं, ताई?’

ताईने तोंड उघडलं. बावीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं भरणारीला स्वतःचं तोंड भरता येईना. स्टुडिओच्या दारातून रेकॉर्डिस्टने हाक मारली, मम्मी, पुढचा रोल. ‘रविवारी घरी ये,’ ती भराभर म्हणाली. ‘पाचला. आईसमोर सांगते.’

‘आईसमोर?’

‘हो.’

‘नऊ वर्षांनी मी तिथे यायचं, आणि तू परत मला काही ऐकू आलं नाही म्हणालीस तर?’ धाकटी म्हणाली. ‘मग मात्र मी तुलाही विसरेन. हे धमकी म्हणून नाही सांगत. मला दुसरं काही जमणारच नाही.’

रविवार येईपर्यंत ताईने वाक्यं जुळवली. भाजी चिरताना, न्हाणीघरात, जिन्यात. ‘आई, मला जरा बोलायचंय.’ नको, यावर आई म्हणेल बोल ना, माझं ऐकणारं तरी कोण आहे. ‘आई, तुला आठवतं का?’ नको, यावर आई म्हणेल आता कुठलं आठवायला, दिवस मोजतेय मी. कुठलंही वाक्य घेतलं तरी त्यावर आईचं उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ताईच माफी मागत होती. आईला तिने फक्त एवढंच सांगितलं, की धाकटी येणार आहे. आई म्हणाली, छान झालं. आणि शनिवारभर तिची पाठ दुखत राहिली.

पाचला पाच कमी असताना धाकटी आली. एकटीच. दाराजवळच्या खुर्चीत टोकाशी बसली, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीच्या बंदांवर.

‘किती वाळलीस गं,’ आई मायेने म्हणाली. ‘की मलाच असं दिसतं? बऱ्याच वर्षांत सवय राहिली नाही बघायची. मुलीला नाही आणलंस? बरंच केलंस. माझी कशाला सावली पडायला हवी लेकरावर.’

धाकटीने ताईकडे बघितलं. ताईने टीव्ही लावला.

तळं आलं, गाणं झालं. तिघींपैकी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. चौथ्या मिनिटाला ताईने घसा साफ केला आणि गप्प बसली. सातव्या मिनिटाला आईने विचारलं, चहा नाही का टाकलास बहिणीला, आणि ताई उठून चहा टाकून आली. धाकटीने कपाला हात लावला नाही. दहाव्या मिनिटाला तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ताईने जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जवळ येईना. तिला वाटलं, नाहीच जमणार. आता ही उठेल, आणि तिच्यामागे दार लागेल ते कायमचं.

चौदावं मिनिट आलं. वाकड्या पंखाचं पिल्लू तळं पार करून आलं. आई, बघ ना माझ्याकडे, एकदा तरी बघ. रिमोट ताईच्या हातात होता. ‘बघितलं हं, बघितलं,’ बदकीण म्हणाली. ताईने आवाज बंद केला.

चोच उरली. चार सेकंद. आणि त्या चार सेकंदांत, माइक नाही, काच नाही, लाल दिवा नाही, घरातल्या त्या खोलीत ताई आईच्या आवाजात बोलली: ‘तू झालीस तेव्हा दोन दिवस तुझं तोंड पाहिलं नव्हतं. अजून सवय झालेली नाही.’

चोच मिटली. पिल्लू मुकाट्याने पाण्यात फिरू लागलं. धाकटीचे हात पिशवीच्या बंदांवर पांढरे पडले होते.

आईने सावकाश चष्मा काढला. ‘नक्कल छान करतेस,’ ती ताईला म्हणाली. ‘बदकाची की माझी?’ मग धाकटीकडे वळून, त्याच मऊ आवाजात, ‘यासाठी बोलावलं होय तुला? अगं, तेव्हाही तू हेच रडगाणं गायली होतीस. असलं मी कधी बोललेली नाही. लहानपणापासून मनातून बनवायची खोड तुला.’ तिने ताईकडे हात केला. ‘विचार तुझ्या ताईला. ती इथेच होती.’

आईला आठवत होतं. ताईला एकदम कळलं, की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सगळं आठवत होतं आईला, साक्षीदारासकट. सव्वीस वर्षं ती निश्चिंत होती, कारण साक्षीदार तिच्याच ताटात जेवत होता.

दोघी ताईकडे बघू लागल्या. टीव्हीवर आता जाहिरात होती, कुणीतरी मुकाट्याने फरशी पुसत होतं. चोच नव्हती. ज्यावर बोलायचं असं कुणाचंच तोंड पडद्यावर नव्हतं. ताईने टेबलाची कड धरली.

‘हो,’ ती म्हणाली. ‘मी इथेच होते. पलीकडे इस्त्री करत होते, दार उघडं होतं. तू हे बोललीस, आई. मी ऐकलं.’

आवाज फाटला होता, मध्येच हवा गेली होती, शेवटचा शब्द अर्धा गिळला गेला होता. स्टुडिओत असा टेक कुणी पाच पैशाला ठेवला नसता.

आई मान हलवत म्हणाली, ‘बरं. म्हणजे मीच वाईट. आता हेच ऐकायचं राहिलं होतं.’ आणि तिने पदर डोळ्यांना लावला. या जागी इतकी वर्षं एक ठरलेली गोष्ट व्हायची. पदर डोळ्यांशी गेला की दोन्ही मुली धावायच्या, एक पाणी आणायला आणि एक पाय धरायला. ताईच्या पायांना ती ओढ आत्ताही कळली. तिने टेबलाची कड सोडली नाही. धाकटीही हलली नाही. पदराआडून आईने एकदा दोघींकडे बघितलं, आणि पदर खाली आला. डोळे कोरडे होते.

धाकटीचं आईकडे लक्षच नव्हतं. ती ताईकडे बघत होती, पंधरा वर्षांची असताना बघितलं होतं तशी.

‘परत म्हण,’ ती म्हणाली.

स्टुडिओत दिवसातून शंभर वेळा ताई हे शब्द ऐकायची. तिने टेबलाची कड सोडली, सरळ उभी राहिली.

‘ती बोलली,’ ताई म्हणाली. ‘मी ऐकलं. तू काही रचलं नव्हतंस.’

जाहिरात संपून तळं परत आलं होतं. बदकिणीने पिल्लाला पंखाखाली घेतलं, कुणी आवाज चालू केला नाही. धाकटीने मांडीवरची पिशवी उचलली आणि खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवली.